पुढचं तू सांग

प्रिय शेपूट,

आणि रोज सकाळी कुणाला तरी लिंक पाठवून उत्तरादाखल एक अंगठा मिळवणाऱ्या, तुझ्यामागे उभ्या असलेल्या समस्त जनांनो! हसू नकोस. जन्मभराची सवय आहे. एका माणसाशी बोलायचं तरी मला समोर सभा लागते. पण हे गाऱ्हाणं तुझंही आहे आणि माझंही. चहा निवेपर्यंत आपण जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातलं काहीतरी सुरेख शोधून काढतो, आपल्या माणसाकडे धाडतो, आणि तिकडून येतो तो एक पिवळा अंगठा. पूर्वी लिहिता न येणारी माणसं अंगठा उठवायची. तू आणि मी एवढे वाचणारे, आणि वर्षानुवर्षं एकमेकांना तेच पाठवतोय. म्हणून आज कागदावर लिहितेय. इथे अंगठा उठवलास तरी तो माझ्यापर्यंत पोचायचा नाही.

तुझ्या लिंका मला आवडतात, हे आधी सांगते, नाहीतर रुसून बसशील. दुरुस्तीला गेलास की दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टच्या छतावर बसून, सुटा भाग येईपर्यंत तू त्या वाचतोस हे मला ठाऊक आहे. तिथे मध्येच नेटवर्क जातं, म्हणून कधी एक लिंक तीनदा येते. झोपेत रंग बदलणारा ऑक्टोपस तीनदा आला होता. जन्मभर एकच पूल रंगवणारा रंगारी, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक गंजलेलं. तो वाचून मी दिवसभर एकटीच हसत होते. तुला कळवलं नाही. अंगठा दिला.

आठवतं, आपली पहिली लिंक कुठली होती? वाण्याच्या पुडीचा कागद. आई डाळ डब्यात ओतायची आणि पुडी सोडवून, हाताने सपाट करून आपल्यापुढे टाकायची. त्या फाटक्या वर्तमानपत्रात काय काय असायचं! सर्कशीतून पळालेला हत्ती, बुडालेलं जहाज, तुरुंगात पुस्तक लिहिणारा कैदी. आणि नेमकी महत्त्वाच्या ओळीवर बातमी फाटलेली. मग मी ठणकावून म्हणायचे, पुढचं तू सांग. आणि तू, सदा माझ्यामागे फिरणारा सात वर्षांचा पठ्ठ्या, कुठलीही बातमी असो, तिच्यात मावशी आणायचास. हत्तीला वाटेत त्याची मावशी भेटली. कैद्याला मावशीने डबा आणला. जहाज बुडालं तेव्हा खलाशाची मावशी नेमकी त्याच किनाऱ्यावर राहत होती. मी चिडायचे, जगात अन्याय आहे, तो मावशीने मिटत नाही, असं भाषण द्यायचे. आई म्हणायची, ही मोठेपणी सभा गाजवणार आणि हा तिच्या सभेत पाणी देणार.

तसंच झालं. मी कॉलेजात इतिहास शिकवला आणि संध्याकाळी मिळेल त्या व्यासपीठावर उभी राहिले. भाडेकरूंसाठी, परिचारिकांसाठी, ज्यांना कुणी बोलू देत नव्हतं त्या सगळ्यांसाठी. आणि मी पायऱ्या चढण्याआधी तू गुपचूप वर जाऊन माईक वीतभर खाली करून यायचास. लोकांना वाटायचं, बाई माईकपुढे उभी राहिली की आपोआप उंच दिसते. ते गुपित तुझ्या स्क्रू-ड्रायव्हरचं होतं.

आता माझं म्हणणं ऐक, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने बोलतेय. आपल्याकडे आता संपूर्ण बातमी आहे. फाटलेली नाही, फोटोसकट, व्हिडिओसकट. आणि म्हणूनच आपण एकमेकांना काही विचारत नाही. बातमी पूर्ण असली की माणसाला माणूस लागत नाही, असं आपण धरून चाललोय. आपण वाचक राहिलो नाही रे, हमाल झालो. इकडचं ओझं तिकडे टाकायचं आणि पुढच्या फेरीला लागायचं. तू म्हणशील, ताई, निदान लिंक येते म्हणजे माणूस जिवंत आहे एवढं तरी कळतं. मीही तसंच समजत होते. सकाळी तुझा टिंग वाजला की मला वाटायचं, चला, आमचा शेपूट ठीक आहे.

पण गेल्या तीन-चार महिन्यांतल्या माझ्या लिंका तू पुन्हा उघडून बघ. पानगळीत आपलं गाणं विसरणारे आणि वसंतात नव्याने शिकणारे पक्षी. डोंगरातले ते लोक, जे एकमेकांशी शिट्टीने बोलतात. आवाज जाण्याआधी आपले सगळे शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवणारी बाई. गळ्याला लावायचं यंत्र, ज्यातून माणूस पत्र्याच्या डब्यासारखा बोलतो. या प्रत्येकीवर तुझा अंगठा आहे. शेवटच्या लिंकेवर दोन. मी तुला बातमी देत होते, आणि ती बातमी कुणाची हे तुझ्या ध्यानात आलं नाही.

पावसाळ्यापासून माझा आवाज बसला आहे. पहिल्यांदा वाटलं, शिकवण्याचं जुनं दुखणं. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, बाई, आता भाषणं पुरे करा. त्याला कसं सांगू की भाषणं बंद होऊन दोन वर्षं झाली, आता बोलावत नाहीत. हल्ली दुकानात मी बोटाने दाखवते. तो समजतो आणि देतो. दूधवाला दाराशी पिशवी अडकवून जातो. बँकेचं काम फोनवर बोटाने होतं. या शहरात माणूस एक शब्दही न बोलता संपूर्ण आठवडा व्यवस्थित जगू शकतो, हा शोध मी लावला आहे, आणि मला त्याचा संताप येतो.

तुझ्यावर रागावून हे पत्र लिहायला बसले होते. पुरावा म्हणून तुझ्या लिंका उलट्या क्रमाने चाळू लागले, आणि माझा राग तिथेच गळून पडला. एका माणसापुरता भात कसा लावावा. जड कपाट एकट्याने जिन्यावरून कसं उतरवावं. खोल्या रिकाम्या झाल्या की घर जास्त गार का पडतं. मालकिणीच्या पावलांची वाट बघणारा कुत्रा. या सगळ्या लागोपाठ आल्या होत्या, शेपूट, आणि या सगळ्यांवर माझे अंगठे आहेत. तुझ्या बायकोचा उल्लेख तू शेवटचा कधी केलास, मला आठवेना. ती कुठे आहे? घरात तू एकटा आहेस का? मी जन्मभर लोकांना सांगत आले की बातमीच्या मागचा माणूस बघा, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या बातमीवर अंगठा ठेवून मी चहा प्यायले.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. गुरुवारी सकाळी माझं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ वाईट आहे, पण वेळेत सापडली. माणूस राहील, आवाज राहणार नाही. घाबरू नकोस, मी घाबरलेली नाही. मला हलवून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, नीट समजावून सांगतात. पुढची तयारी करायची म्हणून त्यांनी विचारलं, "रोज तुमचं कुणाकुणाशी बोलणं होतं?" साधा प्रश्न. मैदानं भरून माणसं जिचं ऐकायची, ती बाई खुर्चीत बसून एक नाव शोधू लागली. डॉक्टरीणबाई पेन धरून थांबल्या होत्या. शेवटी मी म्हणाले, "भावाशी. रोज." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग त्यांना आधी सांगून ठेवा." मी मंचावरून आयुष्यात खोटं बोलले नाही. तिथे बोलले. ते एका दिवसापुरतं तरी खरं कर. कुरिअरवाला म्हणतो, पत्र सोमवारी तुझ्या हातात पडेल. मला लिंक नको, अंगठा नको, धावत येऊही नकोस. आवाज चिरका आहे, पण बुधवारपर्यंत तो माझा आहे. मी तुला माझी बातमी निम्मी सांगेन, तुझी निम्मी तू सांग, आणि दोघांच्याही बातम्यांचं पुढचं तू सांग. हवी तर खुशाल मावशी आण, या वेळी मी चिडणार नाही. बुधवारी संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर ये, नेटवर्क असेल अशा जागी उभा राहा, आणि मला फोन कर.

तुझीच,
माईकपेक्षा वीतभर बुटकी
ताई