न चावलेलं पायताण

११ जानेवारी १९५३, रविवार

चावलीच नाहीत! तात्या नवी पायताणं घालून रंकाळ्यापर्यंत जाऊन आले आणि कुरकुर म्हणून नाही. "कशी आहेत?" विचारलं तर म्हणाले, "लोण्यागत!" कापशी घाटाच्या नव्या, कडक पायताणाला लोणी म्हणणारा माणूस कोल्हापुरात हा पहिलाच असेल.

पायताणं करणाऱ्या बाळाबाईनं पट्ट्यांची वेणी घातली, तिच्या नवऱ्यानं तळ शिवले. देताना म्हणाला होता, "एक बोट घट्टच शिवल्यात बाई. आठ दिस चावतील, मग पायाचा आकार घेत्यात." मापाला मी तात्यांची जुनी जोडी गुपचूप नेली होती. नोकरीतनं निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःसाठी सुताचा धागा घेतलेला नाही. आई गेली, दादा गारगोटीला नोकरीवर. घरात आम्ही बापलेक दोघंच. वडलांची हौस करायची तर मीच करणार की!

१४ जानेवारी, संक्रांत

शाळेत सगळ्या बाईंना सांगून झालं — आमच्या तात्यांना पायताण चावत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "नशीबवान पाय हो!" मी फुगले.

घरी आल्यावर तात्यांनी तिळाचा लाडू मागितला. एकच. दिला नाही. त्यांच्या साखरेच्या आजाराला सहा वर्षं झाली. रोज सकाळी लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून नळी तापवते. विटकरी रंग आला, म्हणजे लघवीत साखर, की दिवसभर माझा पट्टा सुरू. "मास्तरीण कुठली!" म्हणाले नि हात मागं घेतला. बरोबरच केलं मी.

१९ जानेवारी, सोमवार

शाळेची तपासणी आली. वह्या, वह्या, वह्या. बाकी काही नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

कामाला येणारी धोंडुबाई धुणं घासताना ओरडली, "लीलाताई, तात्यांच्या धोतराला हे काय लागलंय? वास बघा की!"

तात्यांना धरून बसवलं, पाय मांडीवर घेतला. उजव्या करंगळीच्या मुळाशी, पट्टा बसतो तिथं, बोराएवढी जखम. मध्ये पिवळी, कडेनं काळी. मी किंचाळलेच. तात्या वाकून बघायला लागले — शेजाऱ्याचा पाय असावा तसे! "अगं, दुखत न्हाय की," म्हणाले.

दुखत नाही. दिवाळीच्या सुमारास म्हणाले होते, "लिले, तळव्याला कापूस बांधल्यागत वाटतंय." मी काय म्हणाले? "बरंच की! गादीवरनं चालल्यागत." वर हसले होते.

२३ जानेवारी, शुक्रवार

डॉ. हिरेमठ घरी येऊन गेले. पायावर दोन बोटं ठेवून किती वेळ नाडी शोधत होते. लागली नाही. "रक्तच नीट खाली पोचत नाही. जखम भरणार कशानं?"

मग तात्यांना विचारलं, चालताना पोटऱ्या भरून यायच्या का. तात्या म्हणाले, "व्हय की. देवळापाशी थांबायचो. जरा उभं राहिलं की बरं वाटायचं." आणि मी समजत होते, गप्पा मारायला थांबतात!

"पायताण चावलं ते कळलं नाही?"

"न्हाय."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "बाई, साखरेनं पाय बधिर झालेत. न दुखणं हाच तर त्यांचा आजार. रोज पाय बघायला हवा होता. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. रोज!"

रोज मी नळी बघत होते. तोंडावर पहारा, आणि पायाकडं ढुंकून बघितलं नाही. बाळाबाईच्या नवऱ्याला काय बोल लावणार? नवं पायताण चावतं, माणूस शिव्या घालतो, काढून ठेवतो, दोन दिवसांनी पुन्हा घालतो. सगळं कोल्हापूर असंच करतं. तात्यांनी शिवी घातली नाही, आणि मी पेढे वाटायच्या बेतात होते. गाढव! गाढव मी!

२५ जानेवारी, रविवार

पाय गार लागला म्हणून गरम पाण्याची पिशवी भरून आणली. नशीब, डॉक्टर दारातच होते. खेकसले, "भाजलं तरी कळायचं नाही त्यांना! फेका ती!" मी हात लावीन तिथं वाटोळं.

२८ जानेवारी, बुधवार

पेनिसिलिनची सुई सकाळ-संध्याकाळ. दादाला पत्र टाकलं: 'तात्यांच्या पायाला जखम झाली आहे. रजा काढून ये.' कशानं झाली ते लिहिलं नाही. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. भित्री.

२ फेब्रुवारी, सोमवार

करंगळी काळी पडली. आता शेजारचं बोटही. उदबत्ती लावली तरी वास जात नाही. तात्या मलाच विचारतात, "जेवलीस का?"

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या दवाखान्यात आणलंय. पाय गुडघ्याखाली काढावा लागणार. नाहीतर विष वर चढेल. सर्जन सांगत होते आणि मी भिंतीकडं बघत होते. तात्या म्हणाले, "काढा. जीव ऱ्हायला म्हंजे झालं." मग मला, "तू कशाला रडतीस? पाय माझा जाणार हाय!"

दादा दुपारच्या गाडीनं आला. धावपळीत त्यानं काही विचारलं नाही. ऑपरेशन झालं की आपण होऊन सांगायचं. पक्कं ठरवलंय. तो ओरडेल, ओरडू दे. कुणीतरी मला ओरडलंच पाहिजे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. जीव वाचला. पांघरुणाखाली एका बाजूला सपाट दिसतं. तिकडं बघवत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज दादाला डॉक्टरांकडून कळलं. खाटेपाशी येऊन भडकला, "नव्या पायताणानं झालं म्हणे! असल्या आजारात कुणी आणली ती?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात तात्या म्हणाले, "मीच घेतली. म्हाताऱ्याची हौस! लीला नको नको म्हणत होती, मी ऐकलं न्हाय तिचं."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी 'हो' म्हणून मान हलवली.