फाटकाजवळची राख

उस्मानपुरा, ९ जून २०२५

चि. कडुबास, मालनअक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून दूधवाल्याच्या हाती हे पत्र. तुमच्या चुलीची गोणीभर राख पाठव. इथं गॅस, राख कुठून आणू? सकाळी सुलतानला फिरवते. त्यानं घाण केली की गावच्यासारखी वर राख टाकते आणि पुठ्ठ्यानं उचलते. गुडघे लई दुखतात रे. दुसऱ्यांच्या कुत्र्यांचंही मीच उचलते, कारण सगळे बोट दाखवतात ते आपल्या गावठी कुत्र्याकडंच. पुन्हा तक्रार आली तर कुत्रं ठेवता येणार नाही, असं सोसायटीच्या चेअरमननी बजावलंय. तुझे दाजी गेल्यापासून दिवसभर सोबत त्याचीच. प्रणय कंपनीतून येतो तो दमलेलाच.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी अक्का

चितेगाव, १२ जून

ती. अक्कास, कडुबाचा दंडवत.

दोन गोण्या पाठवल्यात. लोक बहिणीला आंबे पाठवतात आणि तुम्ही राख, असं तुझी भावजय हसून म्हणाली. उचलून झाल्यावर तांब्याभर पाणी ओतत जा, नाहीतर खूण राहते. गुडघ्यांना तेल लाव.

माया असू दे.
कडुबा

उस्मानपुरा, ३० जून

चि. कडुबास, आशीर्वाद.

तुझं ऐकायला हवं होतं. पण चौथ्या मजल्यावरून पाणी वाहून नेण्याचं बळ नाही उरलं. चेअरमननी फाटकाजवळचे राखेचे डाग मोजले, अकरा भरले. राख तुमची, म्हणजे घाणही तुमच्याच कुत्र्याची, म्हणाले. मी सगळ्यांचंच उचलते, हे कुणाला पटेना. प्रणय मान खाली घालून म्हणाला, आई, भांडायचं त्राण नाही. उद्या तो सुलतानला तुझ्याकडं सोडेल. भाकरी दुधात कुस्करून दे. मी खाली उतरणार नाही, तो मागं वळून बघेल.

त्याला जीव लाव.
अक्का

चितेगाव, ७ जुलै

ती. अक्कास, दंडवत.

सुलतान बरा आहे, खातो थोडं. फक्त मी चुलीची राख उकिरड्यावर टाकायला निघालो की पुढं पळतो आणि तिथंच बसून राहतो. हाक मारली तरी उठत नाही. राख तुला आता लागणार नाही, तरी एक गोणी भरून ठेवलीय.

तब्येत सांभाळ.
कडुबा

उस्मानपुरा, १४ जुलै

चि. कडुबास, आशीर्वाद.

आज चेअरमन दारात आले. फाटकाजवळ पाय ठेवायला जागा नाही म्हणे. आजी, हल्ली तुम्ही साफ करत नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, ज्याची घाण म्हणत होता तो चितेगावला गेला, तिकडं जाऊन विचारा. दार लावलं आणि पोटभर रडले.

ती गोणी पाठवू नकोस. रविवारी मीच येते, राहायला.

तुझी अक्का