बेकू म्हणाली होतीस

सांगली
सोमवार, १६ जून

चि. सपी हिस,

दादाचा आशीर्वाद. आजीचा गुडघा कसा आहे? मेंढरांना लस टोचून झाली का? मी इकडं ठीक आहे, खानावळीची आमटी तेवढी पाण्याला पाणी. पत्र गावाकडं निघालेल्या मल्हारच्या हाती पाठवतोय, कारण फोनवर तू दोन वर्षं "बरं दादा" एवढंच म्हणतेस आणि फोन आजीकडं देतेस.

आधी कामाचं. कॉलेजात पहिल्या वर्षाचे प्रवेश गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहेत. शुक्रवारी तुझी सुपारी फुटायची आहे, तेही मला माहीत आहे. तरी शेवटपर्यंत वाच.

भूशास्त्र घे. डोळे झाकून घे. संयोगिता मॅडम शिकवतात. पहिल्या तासाला प्रत्येकानं आपल्या गावचा दगड आणायचा. त्या तो फोडतात, भिंगातून बघतात, वेळ पडली तर जिभेलाही लावतात. माझा दगड बघून म्हणाल्या, "जतकडचा ना? तुमच्याकडं विहिरीला पाणी किती खोल लागतं?" मला सांगता आलं नाही. दोन्ही वेळेला आलं नाही. तुला आलं असतं. टँकर चुकला की विहिरीवर जाऊन दोर मोजणारी तूच. दुसऱ्या वर्षी मॅडम कोयनानगरला नेतात. घाटात निम्मी पोरं ओकत असतात आणि या बाई कड्याला हात लावून सांगत असतात की खालचा थर कुठला आणि वरचा कुठला. मला तिथं सारखी तुझी आठवण येत होती.

वनस्पतिशास्त्राला लालासाहेब सर आहेत. साताऱ्याकडचे, घरातले निम्मे लोक फौजेत, त्यामुळं एक मिनिट उशीर झाला तरी दाराबाहेर. रागवत नाहीत, नुसतं घड्याळाकडं बघतात. ते जास्त लागतं. गवतांवर त्यांचे चार तास असतात. सगळी लॅटिन नावं तोंडपाठ आहेत त्यांना. एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, कुसळी पिकल्यावर जनावर तिला तोंड का लावत नाही? सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. मी धनगराचं पोर, मीही घातलं. तू असतीस तर सरांनाच बाकावर बसवून शिकवलं असतंस.

संख्याशास्त्र घेऊ नकोस, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. विषय चांगला आहे, सरही चांगले आहेत. मीच त्यात दोनदा गेलो.

झालं एकदाचं लिहून. सपी, तात्यांनी गेल्या महिन्यात माझ्या पदवीचे पेढे वाटले, पण मी पदवीधर झालेलो नाही. पहिल्याच वर्षी नापास झालो, ते वर्ष परत काढलं, आणि आता दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिलेत.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. कसं लिहू कळत नाही. सकाळपासून तीन कागद फाडले.

तुझा बारावीचा निकाल आणि माझा पहिला नापासाचा निकाल एकाच आठवड्यात लागले. तुला एकोणनव्वद टक्के. त्या वर्षी पाऊस लांबला होता, तात्या आणि आई मेंढरं घेऊन रहिमतपूरकडंच अडकले होते. तुझ्याकडं फोन नव्हता. प्रवेशाला नंबर माझा दिलेला, यादीत नाव लागल्याचा मेसेज मलाच आला. शेजारच्या फोनवरून तू मला आजीच्या कानडीत म्हणालीस, "बेकू, दादा. तात्यांना सांग, मला पाहिजे."

मी तात्यांना फोन लावला आणि सांगितलं, "सपी बेडा म्हणती." नको म्हणते.

तात्या म्हणाले, "आरं, हुशार पोर हाय. घाबरली आसंल. परत एकदा इचार तिला." मी एसटी स्टँडवर अर्धा तास चहा घेत बसलो. तुला फोन केलाच नाही. मग तात्यांना कळवलं, "परत बेडाच म्हणाली." आणि तुला सांगितलं की तात्या नको म्हणतात.

का केलं, तेही सांगतो. तू आली असतीस तर त्याच वर्गात, माझ्या शेजारी. माझं बिंग पहिल्याच दिवशी फुटलं असतं, आणि दिवाळीपर्यंत तू माझ्या पुढं गेली असतीस. एवढंच. दुसरं कुठलंही मोठं कारण नाही.

तू तात्यांना तोंडावर विचारणार नाहीस आणि तात्या आपणहून विषय काढणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं तू त्यांच्यासमोर नीट जेवत नाहीस, आणि ते आईला विचारतात, "पोरीचं माझ्यावर कशापायी बिनसलंय?" सुपारी ठरल्यापासून मी तीनदा तात्यांना फोन केला. ते "जेवलास का?" विचारतात आणि मी "जेवलो" म्हणून फोन ठेवतो. चोराच्या मनात चांदणं.

पाहुणे चांगले आहेत. तुला लग्न करायचं असेल तर कर, मी आडवा येणार नाही. पण तात्यांच्या रागानं करत असशील तर तुझ्या पाया पडतो, करू नकोस. तात्यांनी तुला कधीच नको म्हटलं नव्हतं. दाखला, गुणपत्रिका आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. अर्ज पत्रासोबत आहे, सही तेवढी राहिली आहे. गुरुवारी मी सकाळपासून ऑफिसच्या दारात उभा असेन.

शेवटचं एक मागतो. तात्यांना वाचता येत नाही. घरी आलेलं प्रत्येक पत्र तूच त्यांना वाचून दाखवतेस. हेही दाखव, पहिल्या ओळीपासून. माझी दया येऊन एखादा शब्द गाळू नकोस. पुढच्या ओळी त्यांच्यासाठी आहेत.

तात्या, मी अमृत. म्या तुमच्याशी लबाड बोललो आन् हिच्याशीबी. पोरीचं तुमच्यावर कायबी बिनसल्यालं न्हाई, तिला वाटतंय तुमीच आडवलं. आता हे वाचताना ती तुमच्या म्होरंच बसली आसंल. तिला काय पायजे, ते तुमीच इचारा. मधी मी न्हाई.

तुमचा नापास,
अमृत