माझ्या मंगळवाराची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याशी कोणत्याही विषयावर वाद घालून पाहावा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा प्रयत्न करण्याची हिंमत गल्लीत एकाच माणसात आहे आणि त्याचा उल्लेख पुढे येईल. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझा राहता फ्लॅट भाच्याला मिळावा. तो मनाने चांगला आहे, युक्तिवादाने कच्चा.

२. पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावीत. समासातले माझे शेरे खोडू नयेत. काही ठिकाणी ते मूळ मजकुरापेक्षा बरे आहेत.

३. बँकेतील ठेव आमची गल्ली सांभाळते त्या मोजणीबाईंच्या घराच्या छपरासाठी आहे, रंगरंगोटीसाठी नाही. बडा घर पोकळ वासा, असे आमच्या या घराबद्दल कोणी म्हणता कामा नये. माझा पितळी टेबलदिवाही तिथेच द्यावा, मात्र वरच्या खोलीत. तो मोजणीबाईंच्या काळचा नाही आणि खालच्या खोलीत खोटे बोलणारी एकही वस्तू नाही.

हे घर काय आहे, ते भाच्यासाठी लिहून ठेवते. मोजणीबाईंनी लोखंडी साखळी खांद्यावर टाकून हे गाव पायी मोजले आणि गावाखालच्या पाण्याच्या वाटांचा पहिला नकाशा काढला. तो ज्या खालच्या खोलीत काढला ती खोली, ते टेबल, ती साखळी आणि बाईंचे झिजलेले बूट आजही आहेत. रस्त्याखाली नळ फुटला की नगरपालिकेची माणसे आधी हा नकाशा पाहतात, मग खणतात. एकदा त्यांनी आधी खणले. त्या दिवशी गावाला कारंजे मिळाले.

तरीही नगरपालिकेने घर बंद करून तिथे गोदाम करायचे ठरवले. सभेत अधिकारी मला म्हणाले, "बाई, तिथे माणूस ठेवायला आमच्याकडे पैसा नाही."

मी म्हणाले, "ठेवू नका. आमच्याकडे माणसे आहेत."

"मग सातही दिवस दार उघडं दिसलं पाहिजे. एक दिवस जरी बंद आढळलं, तर कुलूप आमचं."

त्यांना वाटले, हा चार दिवसांचा उत्साह आहे. आम्ही त्याच सभेत वार वाटून घेतले. सोमवार बेकरीवाल्याने घेतला, मंगळवार मी, बुधवार शिंपीबुवांनी. उरलेले चार वार गल्लीतल्या चार घरांनी. नगरपालिकेचे कुलूप आजतागायत त्यांच्याच कपाटात गंजत आहे. याहून बिनतोड युक्तिवाद मी पाहिलेला नाही आणि तो माझ्या एकटीचा नाही, हे अभिमानाने नोंदवते.

भाचा विचारतो, "मावशी, पण येतं कोण तिथे?" हा प्रश्न उलटा आहे. माणसे येतात म्हणून दार उघडायचे नसते. दार उघडे असते म्हणून माणसे येतात.

४. आता शिंपीबुवा. आमचा वाद टेबलाचा आहे. माझा सिद्धान्त असा, की टेबल खिडकीशी होते, कारण नकाशाच्या बारीक रेघांना उजेड लागतो. त्यांचे म्हणणे, ते भिंतीशी होते, कारण खिडकीतल्या वाऱ्याने कागद उडतो. दर मंगळवारी मी टेबल खिडकीशी ओढते, दर बुधवारी ते भिंतीशी नेतात. फरशीवर चरे पडले आहेत.

"बाई, तुमची अक्कल त्या खिडकीतनं उडून गेलीय," ते म्हणतात.

"आणि तुमची भिंतीला टेकून झोपली आहे," मी म्हणते.

वर्षानुवर्षे हेच चालले आहे. निकाल लागलेला नाही.

५. माझ्यानंतर मंगळवार रिकामा राहिला तर घर जाईल. भाच्याला विचारले. तो म्हणाला, "जमेल तसं येईन." आठवड्यात 'जमेल तसं' नावाचा वार नाही. शिंपीबुवांचा बुधवार मात्र कधी चुकला नाही. सून बाळंत झाली त्या सकाळीही त्यांनी आधी हे दार उघडले, बेकरीवाल्याला तिथे बसवले आणि मगच दवाखाना गाठला. सबब, माझा मंगळवार मी शिंपीबुवांना देते.

अट एकच. मंगळवारी टेबल खिडकीशी असावे आणि येणाऱ्याला माझी बाजू आधी सांगावी. ती अशी सांगावी, की मी ऐकली असती तर मान डोलावली असती. त्यानंतर खंडन करायला ते मोकळे आहेत. तसे ते आयुष्यभर मोकळेच होते.

६. गल्लीस विनंती. नवे बिऱ्हाड आले की त्यांना आधी या घराची किल्ली दाखवावी, पाणी किती वाजता येते ते मग सांगावे. वार सात आहेत, पण दुपारी घरी जाऊन पाठ टेकायची तर प्रत्येकाला दारापाशी बसणारा जोडीदार लागतो.

७. शिंपीबुवा या मृत्युपत्राचे साक्षीदारही आहेत; ज्याला लाभ त्याने साक्षीदार होऊ नये, असा आक्षेप वकिलांनी घेतला. वार ही मिळकत नव्हे, आणि जड टेबल ओढणे हा लाभ नव्हे. वकिलांनी चष्मा पुसला. आक्षेप निकालात निघाला असे मी धरते.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, दोन ठिकाणी सुधारला, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: मोजणीबाईंचे घर, खालची खोली, खिडकीशी असलेले टेबल
दिनांक: आजचा मंगळवार, दार उघडे असताना
सही: तर्कबाई

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. वाचून दाखवलं, समजलं का तेही विचारलं. — बेकरीवाला

साक्षीदार दुसरा: माझ्यासमोर सही झाली. अट मान्य. टेबल भिंतीशीच होतं. मंगळवार घ्यायची मला काही घाई नाही. — शिंपी