खजूरच्या कमरेवरचं पाणी

नांदेड, ११ मे, रविवार

हात अजून ओले आहेत, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खजूरचे, म्हणजे गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याचे, सगळे केस मीच कात्रीनं उतरवले. उकाड्यात त्याला गार वाटेल, एवढाच विचार. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, आतली मऊ लव आणि वरचे लांब केस मिळूनच त्याला उन्हापासून सांभाळतात. तोवर व्हायचं ते झालं होतं. बाकी अंग भरलं, पण कमरेवर तळहाताएवढी जागा नुसत्या लवेची राहिली. तिथं वरचा केस परत येईल का? बाईंनाही खात्री नव्हती. वर्षभर मी तीच जागा बघतोय.

शेजारच्या रझिया आपांचा टोमणा ठरलेला. "काय भाऊ, औंदा न्हाई का भादरून राहिले मेंढरू?"

आज अंगणात त्याला अंघोळ घातली. आधी विंचरून सुटलेली लव काढली, उशीभर निघाली. मग पाणी ओतलं. त्या जागेवर ते नेहमी कापसात मुरावं तसं मुरायचं. आज बाकी अंगावरच्या लांब केसांवरून घरंगळतं तसं घरंगळलं. उगाच वाटतंय का मला? पुन्हा ओतलं. पुन्हा घरंगळलं.

बायकोला हाक मारली. सुनंदानं बोटांनी चाचपलं आणि ओरडलीच, "अहो, वरचे केस आलेत की! लवेत दडले होते, चांगले लांब, सोनेरी!"

कुंपणापलीकडून आपा म्हणाल्या, "मुबारक हो! पण भाऊ, कात्री आता माझ्याकडं राहू द्या."

लगेच नेऊन दिली.