गिझरवरचं कुंकू

प्रिय मामी,

आजवर तुम्हाला ज्या चार-दोन चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांत ‘तीर्थरूप’ लिहीत आलो. आज ‘प्रिय’ लिहितो. हसायला तुम्ही समोर नाही, म्हणून धीर झाला.

लिहायचं कारण असं. काल तुमची तेरवी झाली. आज सकाळी तुमच्या आंधळगावच्या न्हाणीत मी स्वतः बादली भरली, स्वतः विसण घातलं आणि मला अजिबात पोळलं नाही. या घरचा जावई झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं! दोन तांबे अंगावर घेतले आणि तसाच पाटावर बसून राहिलो. आंघोळ झाल्यासारखी वाटेचना.

मामी, एवढं कढत पाणी तुम्ही जावयाला का देत होता हो? पहिल्या दिवाळीला तुम्ही बादलीत हात घालून म्हणालात, “कोमट हाय जी, बसा.” मी पहिला तांब्या खांद्यावर ओतला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण नवा जावई ओरडणार कसा? त्यातून मी मुळात कमी बोलणारा. बाहेर आलो तर तुम्ही सुमनला कौतुकानं सांगत होता, “पाय वं, जावईबापू कसे लालबुंद झाले! मानवलं पाणी.”

तुमच्या हाताचं कारण मला मागाहून कळलं. लहानपणापासून उकळत्या भांड्यातून रेशमाचे कोसे हातानं काढलेले. त्या बोटांना कढत काय आणि कोमट काय! घरात सगळ्यांना हे माहीत होतं, बोलत मात्र कोणी नव्हतं. मी एकदा मामाजींजवळ हळूच विषय काढला. ते इकडेतिकडे पाहून म्हणाले, “मी रोज पहाटे आंघोळीले तलावावर कायले जातो, वाटते तुमाले? देवाले?”

मग सुमन बाळंतपणाला आली आणि त्याच सुमारास रमेशनं गिझर आणला. तुम्ही त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पाणी कमी-जास्त तापवायची चकरी शेवटपर्यंत फिरवली. रमेश म्हणाला, “आई, अर्ध्याच्या खाली ठेव.” तुम्ही म्हणालात, “काहून? येवढं मोठं यंत्र अर्ध्या कामासाठी आणलं काय?”

बेबी झाल्यावर तुम्ही तिला न्हाऊ घालणार होता, त्या सकाळी मी रजेवर आलेलो. त्या गिझरच्या पाण्यानं माझी आंघोळ नुकतीच झाली होती, मान अजून चुरचुरत होती. तुम्ही न्हाणीत पाय पसरून बसलात, बेबीला पायांवर घेतलं. शेजारच्या बाया पाहायला जमलेल्या. बादलीतून वाफ आढ्याला लागत होती. तुम्ही हात बुडवला आणि म्हणालात, “कोमट हाय.” तांब्या भरला.

“थांबा!”

कोण ओरडलं म्हणून मीही वळून पाहिलं. मीच होतो.

“मामी, पाणी कढत आहे. बाळ पोळेल.”

आठवतं ना? तुम्ही तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, “अव माय! जावयाले तोंड हाय तं!” बाया हसल्या. सुमननं बादलीत बोट घातलं आणि किंचाळून बाहेर काढलं. तेव्हा तुमचं हसू गेलं. तुम्ही आपला हात उलटासुलटा करून पाहिलात. मग हळू आवाजात विचारलंत, “तं मी आता नातीले न्हाऊ घालू नोको काय?”

मामी, त्या दिवशी तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, “न्हाऊ तुम्हीच घाला. पाणी तेवढं मी पाहतो.”

आणि मग तुम्ही सूड घेतलात! रजा संपेपर्यंत रोज सकाळी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक, “जावईबापू, या जी, कोपर घेऊन या!” मी बाही सरकवून बादलीत कोपर बुडवायचा. शेजारच्या ताराबाईनं तर मला ‘कोपरवाले जावई’ असं नावच पाडलं. पण आपण रोज चकरी थोडी थोडी मागे घेत गेलो. ज्या दिवशी कोपर पाण्यात निवांत राहिलं, त्या दिवशी तुम्ही चकरीच्या त्या जागेवर कुंकवाचं बोट लावलंत. वर दम दिला, “याच्या म्होरं कोनी फिरवलं तं हात मोडीन.”

बेबीला एक चट्टाही उठला नाही. माझं मात्र काय बदललं? तुम्ही म्हणालात, “ते लेकराचं झालं. जावयाले का कोमट देऊ?” माझं मानाचं पाणी त्यानंतर परत चुलीवर उकळू लागलं! आणि मी परत गप्प. एकदा बोलून माझा कोटा संपला होता.

आज आंघोळीनंतर पाहिलं, तर तेरवीच्या साफसफाईत चकरीवरचं कुंकू कोणीतरी पुसून टाकलंय. रमेशच्या मंदाला सातवा महिना लागलाय, मामी. तिच्या बाळालाही याच न्हाणीत न्हाऊ घालतील. मी दार लावून घेतलं, बाही सरकवली आणि पुन्हा पहिल्यापासून चकरी मागेपुढे करत बसलो. बाहेरून मामाजींनी विचारलं, “येवढा येळ काय करून राहिले जी?” मी म्हणालो, “कोपर.” थोड्या वेळानं त्यांनी दाराखालच्या फटीतून तुमचा कुंकवाचा करंडा आत सरकवला.

बोट लावलं आहे. तुमच्यासारखं गोल आलं नाही.

वचन देतो, दर खेपेला येऊन हे कुंकू ताजं करीन. मंदाला शिकवीन की बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, आणि तरीही कोपर. आणि मामी, पाणी कढत असलं तर यापुढे सांगेन. पहिल्या तांब्यालाच सांगेन. फक्त आता तसं देणारं कोणी राहिलं नाही.

तुमचा,
तोंड असलेला जावई,
मनोहर