रविवारचं ड्रेसिंग

१२ ऑक्टोबर, रविवार

आक्कांचा फोन! हंबीररावांच्या बायकोचा – आणि मला! अकरा महिन्यांपूर्वी ज्यांना मी आमदारकीच्या निवडणुकीत पाडलं, त्यांच्या घरून.

"चार सिस्टर पळवून लावल्या यांनी. अंगाला हात लावून देत न्हाईत. पाठीला जखम पडलीया. तू आधी सिस्टर हुतीस म्हणून विचारते... येतीस काय?"

अर्धांगवायू होऊन तीन महिने झाले त्यांना. माझा सगळा प्रचार आकारामनं सांभाळलेला, तो भडकलाच. "ताई, भर सभेत काय बोललं ते इसरला? 'इंजेक्शन देणारी बाई मंत्र्यास्नी काय सुई टोचणार?' आनि त्यांच्या दारात जाणार व्हय?"

विसरले नाही. पण तीन महिने पडून असलेल्या माणसाची पाठ कशी होते, तेही विसरले नाही. गेले त्यांच्या गावी, गडमुडशिंगीला.

कमरेच्या खाली, तळहाताएवढी जखम. मला बघून ओरडले, "बाहेर हो!"

म्हटलं, "साहेब, एकोणीस वर्षं सरकारी दवाखान्यात हेच केलंय. कुशीवर व्हा."

भिंतीकडे तोंड केलं. ड्रेसिंग संपेपर्यंत भिंतीलाच शिव्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

जखमेचा वास कमी. शिव्याही कमी!

२ नोव्हेंबर, रविवार

आज भिंतीकडे बघतच बोलले. "पावसाळी अधिवेशनात तुझं भाषण बघितलं टीव्हीवर. कागद वाचत हुतीस."

हातातला चिमटा थांबला. ते भाषण! आवाज थरथरत होता, दोन पानं उलटी लागलेली, तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा. कुणीतरी मागून हसलं होतं.

"पेशंटशी कागद बघून बोलत हुतीस काय?"

"नाही."

"मग? अध्यक्षांकडं बघायचं. आकडे मंत्री सांगतोय की. तू एक बाई सांग. एकच. खरी."

तीन वेळा आमदार होते. सभागृह पाठ आहे त्यांना.

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. कुणालाच न सांगितलेलं त्यांना सांगितलं. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं म्हणूनच बहुतेक.

स्वप्नाली. बावीस वर्षांची, पहिलं बाळंतपण. भर दुपारी तीन वॉर्डांना मिळून मी एकटी. बाकीच्या जागा दोन वर्षं रिकाम्या. पलीकडे एका म्हाताऱ्याचा श्वास अडकला म्हणून धावले. "सिस्टर, जाऊ नका की" – तिनं पदर धरला होता. सोडवून घेतला. वीस मिनिटांनी परत आले. बाळ रडलं नाही. कधीच नाही. तिनं मला दोष दिला नाही, तेच सहन झालं नाही. महिन्याभरात राजीनामा दिला. राजकारण तिथून सुरू झालं.

त्यांनी विचारलं, "किती सालची गोष्ट?"

सांगितलं.

"तवा आमदार मीच हुतो."

मी पट्टी चिकटवत राहिले. दुसरं काय करणार?

३० नोव्हेंबर, रविवार

लक्षवेधी सूचना स्वीकारली गेली! सिस्टरच्या रिकाम्या जागांवर. नागपूरच्या अधिवेशनात, ११ डिसेंबरला बोलायचं. हंबीररावांनी आज माझ्याकडून सगळं तीनदा म्हणवून घेतलं. चुकले की डावा हात गादीवर आपटतात. आक्का दारात ताक घेऊन उभ्या – "तिला दम तरी खाऊ द्या!"

७ डिसेंबर, रविवार

आज नागपूरला निघायचं. जखम नखाएवढी उरली आहे. पण छातीत घरघर ऐकू आली. आक्कांना म्हटलं, आजच डॉक्टरांना बोलवा.

निघताना डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "नाव घे माझं. तवाचा आमदार झोपला हुता म्हण. लाजू नगंस."

११ डिसेंबर, गुरुवार. नागपूर

बोलले! कागद न घेता!

"अध्यक्ष महोदय, त्या दिवशीची सिस्टर मीच होते," इथूनच सुरुवात केली. घंटा वाजलीच नाही. मंत्र्यांनी उभं राहून सांगितलं – आमच्या तालुक्यातल्या सगळ्या जागा महिन्याभरात भरणार. विरोधकांनीही बाकं वाजवली! आकाराम गॅलरीत रडत होता, वेडा.

नाव नाही घेतलं. उलट म्हटलं, हे बोलायला मला माझ्याआधीच्या आमदारांनी शिकवलं. रविवारी गेले की ओरडतील – सांगितलेलं ऐकलं का न्हाईस! ओरडू देत. घेईन ऐकून.

त्याच दिवशी, दुपारी

आक्कांचा फोन. हंबीरराव सकाळी पावणेदहालाच गेले. मी बोलायला उभी राहिले, त्याच्या तासभर आधी.

"आक्का, आणि मला आत्ता सांगताय?"

"त्यांनीच बजावलं हुतं – काय बी झालं तरी पोरीचं बोलणं हुस्तवर कुणाला कळवायचं न्हाय. दार लावून मी त्यांच्याजवळ बसले. टीव्ही मोठ्यानं लावला हुता. सगळं ऐकलं, पोरी."